गाडीतलं जुनं कार्पेट बदलायचंय? आधी पाणी कुठून येतं ते शोधा

पावसाळ्यात दार उघडल्याबरोबर कुबट वास येतो, काचांना आतून वाफ धरते, आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर टाच दाबली की कार्पेटमधून पाणी वर येतं. अशा गाडीवर बहुतेक वेळा एकच इलाज होतो: सीटकव्हरच्या दुकानात जाऊन जुन्या कार्पेटवरून नवी जाड मॅट टाकून घ्यायची. दिसायला गाडी नवी होते. पण खालचं ओलं कार्पेट आता कायमचं झाकलं जातं, त्याला वारा लागत नाही, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पत्रा सडतो. त्या पत्र्याचं वेल्डिंग कार्पेटपेक्षा कितीतरी महाग पडतं.

म्हणून या कामात कार्पेट सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी पाण्याची वाट बंद करायची, पत्रा दुरुस्त करायचा आणि तो पूर्ण कोरडा करायचा. घरी, दोन जणांनी, साध्या हत्यारांनी हे काम नीट होतं. छोट्या हॅचबॅकला तीन-चार दिवस धरा. हाताचं काम दोन दिवसांचंच असतं, बाकीचा वेळ वाळण्यासाठी लागतो.

कार्पेटखाली काय असतं

सगळ्यात खाली फ्लोअरचा पत्रा. त्यावर आवाज दाबण्यासाठी कंपनीने चिकटवलेले डांबरी शीटचे तुकडे. त्यावर चिंध्यांपासून केलेल्या फेल्टचा जाड थर, आणि वर साच्यात दाबून आकार दिलेलं कार्पेट. पाणी सगळ्यात जास्त धरतो तो फेल्ट. वरून कार्पेट हाताला कोरडं लागतं, तेव्हाही फेल्ट पिळून निघेल इतका ओला असू शकतो. त्यामुळे 'वरून वाळलंय' यावर विश्वास ठेवू नका. दाराच्या उंबऱ्याची पट्टी उचलून बोटं थेट फेल्टखाली घाला.

खान्देशात यात आणखी एक भर पडते ती काळ्या मातीची. ही माती पाणी पिऊन फुगते आणि ते लवकर सोडत नाही. बुटाला लागून आत आलेली माती वाळली की तिचं पीठ होतं, ते कार्पेटमधून झिरपून फेल्टमध्ये बसतं, आणि पुढच्या ओलीला तिथेच चिखल होऊन पत्र्याला चिकटून राहतं. ज्या गाडीतून युरिया, पोटॅशच्या गोण्या येतात तिथे तर गंज फारच लवकर धरतो. खताचे सांडलेले दाणे हवेतली ओल ओढून घेतात, आणि पोटॅशमधलं क्लोराइड पत्रा खातं. डिकीत किंवा मागच्या सीटखाली पांढरट खरपुडी दिसली तर ती खताची समजा.

कधी करायचं

गुढीपाडवा ते आखाजी (अक्षय्य तृतीया) हा काळ सगळ्यात चांगला. हवा कोरडी असते, गच्चीवर टाकलेला फेल्ट दोन दिवसांत खडखडीत वाळतो, आणि पेरणीच्या आधी गाडी मोकळी मिळते. मात्र रंग आणि गोंदाचं काम सकाळी दहाच्या आत उरकायचं, तेही सावलीत. दुपारी जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो. उन्हातल्या पत्र्याला तेव्हा हात लावता येत नाही. तापलेल्या पत्र्यावर रंगाला फोड येतात, आणि गोंद पसरवता पसरवताच त्याच्यावर साय धरते. दिवाळीनंतरचे थंडीचे दिवसही चालतात. आषाढ-श्रावणात हे काम काढूच नका, कारण त्या हवेत पत्र्याचे सांधे कोरडे होत नाहीत.

पाण्याची वाट शोधणं

पाणी जिथे साचलेलं दिसतं तिथूनच ते आत आलं असं नसतं. गाडी उताराला लावली असेल तर पुढून आलेलं पाणी मागच्या सीटखाली जाऊन बसतं. म्हणून शोध घेताना गाडी सपाट जागी लावा, पायातल्या मॅट काढा, आणि आत चारही बाजूंना वर्तमानपत्राचे कागद पसरा. कागद भिजल्याबरोबर डाग पडतो, आणि पाणी कुठून आलं ते कळतं.

आधी पाण्याचाच अंदाज घ्या. स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर ते पावसाचं किंवा एसीचं. बोटाला चिकट, गोडसर वासाचं आणि हिरवट किंवा लालसर असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आहे. म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. अशा वेळी पुढच्या काचेवर आतून तेलकट थरही येतो. हे मेकॅनिककडून दुरुस्त करून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

एसीचं पाणी हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण. एसीत तयार झालेलं पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली पडतं. नळीत धूळ-कचरा साठला किंवा ती जागेवरून निसटली, की तेच पाणी डाव्या बाजूच्या पायापाशी आत पडतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की एसीतून पाणीच कमी निघतं, त्यामुळे नळी तुंबलेली असूनही उन्हाळाभर काही कळत नाही. जुलैत दमट हवा आली की कार्पेट भिजतं आणि लोक पावसाला दोष देतात. तपासायचं असं: दमट दिवसात गाडी उभी ठेवून एसी वीस मिनिटं पूर्ण चालवा. गाडीखाली पाण्याचा डाग पडायलाच हवा. उन्हाळ्यात ही परीक्षा होत नाही, तेव्हा नळीचं बाहेरचं तोंड शोधून सायकलच्या पंपाने हलका वारा मारा. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा जोराचा वारा मारू नका, आतला सांधा निसटतो.

दुसरी जागा म्हणजे वायपरखालची जाळी. तिच्याखाली एक पन्हळ असते आणि तिचं पाणी दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकांमागे उतरतं. गाडी कडुलिंबाच्या झाडाखाली लागत असेल तर फाल्गुन-चैत्राच्या पानगळीत ही पन्हळ पानांनी भरते. मग पावसाचं पाणी वर चढून ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. जाळी काढा, पानं हाताने उपसा, आणि अर्धी बादली पाणी हळूहळू ओता. दोन्ही बाजूंनी पाणी लगेच खाली पडलं पाहिजे.

तिसरी जागा बहुतेकांना माहीत नसते, ती म्हणजे दार. दाराच्या काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोकळीत जातंच, तशीच त्याची रचना असते. ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं आणि आतल्या बाजूला येऊ नये म्हणून दाराच्या ट्रिममागे, म्हणजे आतल्या आवरणामागे, प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर किंवा पॉवर विंडो बसवताना हा पडदा फाडला जातो आणि पुन्हा चिकटवला जात नाही. मग पाणी ट्रिमखालून उंबऱ्यावर आणि तिथून कार्पेटखाली जातं. दाराचं रबर बदलून ही गळती थांबत नाही. नवा जाड प्लास्टिकचा कागद कापून, कडेने ब्युटाइलच्या, म्हणजे मऊ रबराच्या, चिकट दोरीने बसवावा लागतो. त्याच वेळी दाराच्या तळची भोकं तारेने मोकळी करा, त्यात चिखल बसलेला असतो.

उरलेल्या जागा थोडक्यात: पुढच्या काचेचा सीलंट, मागच्या दिव्यांचे रबर, डिकीचं बीडिंग, आणि फ्लोअरच्या पत्र्यातली रबरी बुचं. नाल्यातून गाडी घालणाऱ्यांनी बुचं खास पाहावीत, एक जरी निघालेलं असेल तरी पाणी खालून वर येतं.

नळीने पाणी मारताना खालून वर जायचं: आधी उंबरा, मग दाराचा खालचा भाग, मग काच, शेवटी छप्पर. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. आत एक जण टॉर्च घेऊन बसलेला हवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काहीच कळत नाही.

सामान

हत्यारं: गोटी पान्यांचा सेट (१०, १२, १४ आणि १७ नंबर लागतातच, काही गाड्यांना चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स बिट्स लागतात), लांब एक्स्टेन्शन, स्क्रू ड्रायव्हर, क्लिप उचकटायची प्लास्टिकची पट्टी, तारेचा ब्रश, कटर आणि भरपूर पाती, दाभण, खडू, हातमोजे.

छोट्या हॅचबॅकसाठी माल साधारण असा लागतो:

- कार्पेट: सहा फुटी पन्ह्याचं अडीच मीटर (सात सीटच्या गाडीला चार मीटर)
- खालचा फोम, बंद छिद्रांचा: ५ ते ६ मिलिमीटर जाडीचा, तीन चौरस मीटर
- ब्युटाइलचं ॲल्युमिनियम लावलेलं शीट, २ मिलिमीटर: एक चौरस मीटर पुरे
- रबरी कॉन्टॅक्ट गोंद: अर्धा लिटर
- गंज बदलणारं रसायन, म्हणजे रस्ट कन्व्हर्टर: पाव लिटर
- धातूचा प्रायमर आणि वरचा रंग: प्रत्येकी अर्धा लिटर
- पॉलियुरेथेन सीलंटची एक नळी
- ८० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर

खोलणं

एअरबॅग असलेल्या गाडीत सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात. पिवळा रंग एअरबॅग आणि सीटबेल्ट ओढणाऱ्या यंत्रणेचा. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी सीट पूर्ण मागे सरकवून पुढचे दोन बोल्ट ढिले करा, मग पुढे सरकवून मागचे दोन. पॉवर सीट असेल तर हे बॅटरी चालू असतानाच करावं लागतं. मग चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि किमान दहा मिनिटं थांबा. यंत्रणेत साठलेला विजेचा भार उतरायला हा वेळ लागतो. त्यानंतरच कनेक्टरला हात लावा. सीट बाहेर असताना चावी फिरवू नका, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो स्कॅनरशिवाय जात नाही.

सीट उचलायला दोन माणसं हवीत. रुळांच्या टोकांनी दाराचा रंग आणि ट्रिम ओरखडतात, म्हणून उंबऱ्यावर गोणपाट दुमडून टाका. मागच्या सीटची बैठक बहुतेक छोट्या गाड्यांत समोरून वर ओढली की क्लिपमधून सुटते. जोर लावण्याआधी खाली बोल्ट नाही ना, ते बघा.

पुढच्या दोन सीटांमधला कन्सोल काढताना हँडब्रेकचा दांडा आड येतो आणि ब्रेक सोडावा लागतो, म्हणून आधीच चाकांना विटा लावा. उंबऱ्याच्या पट्ट्या सरळ वर ओढून निघतात. सीटबेल्टचा फक्त खालचा बोल्ट काढा. खांबातलं बेल्टचं रीळ उघडू नका, त्याची गरज नसते आणि त्यात स्फोटक भाग असू शकतो. मग पायाजवळच्या बाजूच्या पट्ट्या, डावा पाय टेकायचा तुकडा आणि बॉनेटचा खटका काढा. ज्या गाडीत ॲक्सिलरेटर फ्लोअरला बोल्टने बसवलेला असतो तिथे तोही.

प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, आणि प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून त्यावर नाव लिहा. सीटचे आणि बेल्टचे बोल्ट दिसायला सारखे असले तरी त्यांची लांबी आणि आटे वेगळे असतात.

आता कार्पेट मधल्या उंचवट्यापासून सोडवत दोन्ही बाजूंना दुमडा आणि मागच्या दारातून बाहेर काढा. त्याच्याखालून वायरिंग आणि मागे जाणारी एसीची वाहिनी जाते, ती अडकते. ओढाताण करू नका. जुनं कार्पेट फाटलं तर साचा गेला, आणि कुजलेल्या अवस्थेतही हाच साचा तुमच्याकडे सगळ्यात अचूक असतो. धुऊन, वाळवून ठेवा.

पत्रा

या टप्प्याला घाई करू नये, कारण पत्रा उघडा पाहायची संधी पुन्हा बरीच वर्षं मिळत नाही.

सुकी माती व्हॅक्यूमने ओढा, उरलेली ओल्या फडक्याने पुसा. खत सांडलेल्या जागी साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून खारटपणा काढावा लागतो. तो राहिला तर रंगाखालूनही गंज वर येतो. मग दारं उघडी ठेवून गाडी एक दिवस उन्हात राहू द्या. पत्र्याच्या सांध्यांत, विशेषतः उंबऱ्याच्या आतल्या कडेला, ओल लपते.

कंपनीची डांबरी शीट घट्ट असेल तिथे तशीच राहू द्या. कडा उचललेली असेल तर त्याखाली गंज आहेच. तो तुकडा पट्टीने खरवडून काढा. थंडीच्या सकाळी डांबर कडक असतं तेव्हा तो टिचून निघतो, उन्हात मऊ होऊन सगळीकडे माखतो.

आता बोथट स्क्रू ड्रायव्हरने गंजलेली जागा टोचा. पत्रा टणक लागला तर गंज वरवरचा आहे. टोक आत गेलं किंवा पापुद्रे सुटले तर ते डेंटिंगवाल्याचं काम. फ्लोअरखालून पेट्रोल-डिझेलची आणि ब्रेकची नळी गेलेली असते. वेल्डिंग करणाऱ्याला आधी त्या नळ्या दाखवा, आणि बॅटरी सुटलेलीच राहू द्या. भोकावर फायबर किंवा पुट्टी लावून वर रंग मारणं हा उपाय नाही. सीटच्या बोल्टभोवतीचा पत्रा असेल तर तो धोकाच आहे, कारण अपघातात सीट त्याच पत्र्याच्या भरवशावर असते.

वरवरच्या गंजाला तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पेपर. सुटा गंज पूर्ण गेला पाहिजे. कन्व्हर्टर घट्ट बसलेल्या पातळ गंजावर चालतो, पापुद्र्यांवर नाही. तो सावलीत, थंड पत्र्यावर लावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण द्या, बहुतेकांना एक दिवस लागतो. मग १८० चा पेपर, प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन. दोन हातांमध्ये बाटलीवर सांगितलेलं अंतर पाळा. बोल्टच्या आट्यांत रंग जाऊ नये म्हणून भोकांत जुने बोल्ट हाताने फिरवून ठेवा.

रबरी बुचं काढून पुसा, तडा गेलेली बदला, आणि कडेला पॉलियुरेथेन सीलंट लावून पुन्हा बसवा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं साधं सिलिकॉन इथे वापरू नका. वाळताना त्यातून ॲसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो.

आवाज कमी करायचा असेल तर ब्युटाइल शीट आत्ताच लावा. सगळा फ्लोअर मढवायची गरज नसते. पत्र्याच्या सपाट, ठोकल्यावर घुमणाऱ्या भागाचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी फरक कळतो. बुचं झाकू नका. छपराच्या गळतीसाठी मिळणारी स्वस्त डांबरी टेप इथे लावली तर आपल्या मे महिन्यात ती वितळून सरकते आणि केबिनमध्ये डांबराचा वास राहतो.

कार्पेट की व्हिनाइल

तुमच्या गाडीसाठी साच्यातलं तयार कार्पेट मिळत असेल तर तेच घ्या, ते बसवणं निम्म्या कष्टाचं. कुरियरने घडी होऊन आलं असेल तर अर्धा तास उन्हात पसरून ठेवा, ते मऊ होऊन आकारावर येतं.

मीटरवर घ्यायचं असेल तर सुईने ठोकलेलं, न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर कार्पेट मागा. धागे स्वतः पाणी पीत नाहीत, आणि कापलेली कड उसवत नाही. घरगुती कार्पेटचे तुकडे नकोत, पाठीच्या ज्यूटला ओल लागली की बुरशी येते. चटईही नको. जळगावची प्लास्टिकची चटई ओसरीवर वर्षानुवर्षं टिकते, पण पत्र्यावर ती सरकते आणि पेडलखाली जाऊ शकते.

रंग काळा निवडू नका. आपल्या रस्त्यांची फिकी धूळ काळ्यावर रोज दिसते. मातकट करडा किंवा तपकिरी बरा. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीच्या कामाची गाडी असेल तर गडद तपकिरीच घ्या, केळीच्या चिकाचा डाग कार्पेटवरून जात नाही. कापसाची वाहतूक होत असेल तर कार्पेटच नको. रुईचे तंतू त्यात असे गुंततात की व्हॅक्यूमनेही निघत नाहीत. अशा गाड्यांना, आणि रोज शेतात जाणाऱ्या जीपला, व्हिनाइल योग्य: फडक्याने पुसलं की झालं. पण व्हिनाइलखालची ओल कधीच बाहेर पडत नाही, म्हणून तिथे पत्र्याचं काम आणखी चोख हवं. जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलेलं असेल तर तेही आत्ताच बदला, अर्धी धूळ तिथूनच वर येते.

खालच्या थरासाठी बंद छिद्रांचा क्रॉसलिंक फोम घ्या. गादीचा स्पंज पाणी धरून ठेवतो, आणि आपण ज्या त्रासातून सुटायला निघालो तो परत येतो. मधल्या उंचवट्यावर मात्र फोम नको, खालून सायलेन्सरची उष्णता येते. तिथे जुना फेल्ट धुऊन, वाळवून किंवा नवा फेल्ट लावा. एकूण जाडी जुन्याइतकीच ठेवा. जाडी वाढली की कन्सोलचे स्क्रू पोचत नाहीत आणि उंबऱ्याच्या पट्ट्या बसत नाहीत. पट्ट्यांसाठी फोम उंबऱ्याच्या कडेपासून चार-पाच सेंटिमीटर आत थांबवा.

कापणं आणि बसवणं

नवं कार्पेट उलटं पसरा, त्यावर जुनं उलटं ठेवा आणि खडूने आखा. दोन्ही उलटी, हे विसरलं तर डावं-उजवं बदलतं आणि सगळा माल वाया जातो. कडेने सगळीकडे पाच सेंटिमीटर जास्त ठेवून कापा. जुनं कार्पेट इतक्या वर्षांत आकसलेलं असतं, आणि सपाट कापड उंचवट्यावर चढताना बरंच आत ओढलं जातं. एका तुकड्यात जमत नसेल तर दोन तुकडे करा, पुढचा आणि मागचा, जोड पुढच्या सीटखाली येईल असा. तिथे तो दिसत नाही आणि पायही लागत नाही.

बसवायला मधल्या उंचवट्यापासून सुरुवात करा. गिअरच्या दांड्यासाठी छोटा छेद द्या, कार्पेट खाली उतरवा, हाताने दाबत दोन्ही बाजूंना जा. कोपऱ्यात चुणी पडते तिथे इंग्रजी वाय अक्षरासारखा छेद द्यायचा, पण लगेच नाही. आधी हीट गनने हलकं गरम करून ओढून पाहा, पुष्कळ चुण्या तशाच जातात. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून गन वीस सेंटिमीटर लांब आणि सतत हलती ठेवा. एका जागी थांबली की तिथे चकचकीत कडक डाग पडतो.

गोंद म्हणून पांढरं फेविकॉल चालत नाही, ओल लागली की ते सुटतं. फेविकॉल एसआर ९९८ सारखा रबरी कॉन्टॅक्ट गोंद घ्या. दोन्ही पृष्ठांवर पातळ थर द्या, बोट लावल्यावर तार न येता नुसता चिकटपणा जाणवेपर्यंत थांबा, आणि मग दाबा. थंडीत दहा-पंधरा मिनिटं लागतात, मेमधल्या सकाळी पाचही पुरतात. ओला असतानाच दाबला तर आतला थिनर अडकतो आणि दुपारी गाडी तापली की तिथे फुगा येतो. एकदा चिकटलं की सरकवता येत नाही, म्हणून एका वेळी एक-दीड फूटच. चारही दारं उघडी ठेवा. याची वाफ डोक्यात चढते आणि ती पेट घेते. जवळ विडी-सिगारेट, हीट गन, सोल्डरिंग काहीही चालू नको.

गोंद फक्त मधल्या उंचवट्यावर आणि पेडलमागच्या उभ्या भिंतीवर लावा. पायाखालचा सपाट भाग मोकळा ठेवा, तो उंबऱ्याच्या पट्टीखाली दाबला गेला की पुरेसा घट्ट बसतो. पूर्ण चिकटवलेलं कार्पेट छान ताणलेलं दिसतं, पण पुढे कधी पाणी शिरलं तर फाडल्याशिवाय खाली बघता येत नाही. मोकळं असलेलं कार्पेट पट्टी उचलून दोन मिनिटांत तपासता येतं.

बोल्टची भोकं शोधायला वरून दाभण टोचा. भोक सापडलं की कटरने फुली मारा. ड्रिल लावू नका: तंतू बिटाला गुंडाळून कार्पेट ओढलं जातं, आणि बिट आरपार गेलं तर खाली इंधनाची नळी असते. सीटचे पाय जिथे टेकतात तिथे कार्पेट आणि फोम दोन्ही पूर्ण कापून काढा. पाय थेट पत्र्यावर बसले पाहिजेत. मधे कार्पेट राहिलं तर ते हळूहळू दबतं, बोल्ट ढिला होतो, आणि सीट डुगडुगायला लागते. सीटबेल्टच्या बोल्टलाही हेच.

ड्रायव्हरच्या टाचेखाली साधारण ३० बाय ४० सेंटिमीटरचा जाड रेक्झिनचा तुकडा शिवून घ्या. कार्पेट सगळ्यात आधी तिथेच झिजतं. हा तुकडा आणि उघड्या दिसणाऱ्या कडांची ओव्हरलॉक शिलाई सीटकव्हरवाल्याकडून करून आणा, पण गोंद लावायच्या आधी.

परत जोडणं

आधी कन्सोल, बाजूच्या पट्ट्या, मग सीटबेल्ट, शेवटी सीट. सगळे बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा, मगच पाना लावा. तिरका चढलेला बोल्ट पत्र्याखालच्या नटचे आटे मोडतो, आणि तो नट बदलायला वेल्डिंग लागतं. सीट आणि बेल्टचे बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळून घ्या. तो पाना घरी नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून एवढंच करून आणा.

पिवळे कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत लावा. सगळे लागल्याची खात्री झाल्यावरच बॅटरी जोडा. पॉवर विंडोची एका झटक्यात बंद होण्याची सोय काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर विसरते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की बहुधा परत येते.

इंजिन चालू करण्याआधी तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून पाहा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि सोडला तरी कार्पेटला कुठेही घासू नये. त्याच्याभोवती बोटभर जागा हवी. इथे चुणी राहिली असेल तर ती तशी सोडून गाडी रस्त्यावर नेऊ नका. सीटबेल्ट झटका देऊन अडकतो का, सीट पुढे-मागे सरकून प्रत्येक खाचेत बसते का, हेही तपासा.

वरून पायाला रबराच्या सुट्या मॅट वापरा, ड्रायव्हरच्या मॅटला हूक असलेल्या. आठवड्यातून एकदा काढून झटका, आणि पावसात रात्री उभ्या करून ठेवा म्हणजे खालचं कार्पेट उघडं राहतं. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी चारही उंबऱ्यांच्या पट्ट्या उचलून फोमखाली हात घाला. कुबट वास महिन्याभरानंतरही राहिला असेल तर अत्तर लटकवू नका. बहुतेक वेळा तो मागच्या सीटखाली किंवा स्टेपनीच्या खळग्यात राहिलेल्या ओल्या फेल्टचा असतो, आणि तो तुकडा काढला की जातो. कार्पेटचा फूटभर उरलेला तुकडा टाकू नका, स्टेपनीखाली घडी करून ठेवा. टाचेजवळ कार्पेट झिजलं की ठिगळाला त्याच रंगाचा माल पुन्हा मिळेलच असं नाही.